मूळपुरुषाचा माग

प्रत्येक जुन्या घरांत मूळपुरुषाची एक कथा असते. कोणाचा मूळपुरुष कोंकणांतून घाट चढून आलेला असतो, कोणाचा दुष्काळांत माणदेश सोडून कृष्णाकांठीं उतरलेला असतो, तर कोणाला छत्रपतींनीं तलवारीच्या कामगिरीबद्दल शेत दिलेलें असतें. या कथांत घोडा असतो, दृष्टांत देणारी कुलदेवता असते, संकटांत सांपडलेला राजाहि असतो; साल मात्र नसतें. कागदाची गोष्ट याच्या उलट आहे. कागदांत दैवत भेटत नाहीं आणि घोडाहि भेटत नाहीं. तेथें एक नांव, एक शेत, त्या शेताच्या चार दिशांचे शेजारी आणि मोजलेले रुपये एवढेंच भेटतें. परंतु आपल्या घराण्याचा पहिला मनुष्य या मातींत पाय रोवून केव्हां उभा राहिला, हें सांगण्याची ताकद बहुधा या रुक्ष ओळींतच असते. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील जमिनीच्या दप्तरांतून हा माग कसा काढावा आणि तो काढतांना काय पदरीं पडतें, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

मी कोणी इतिहासपंडित नव्हे. आयुष्यभर शाळामास्तरकी केली आणि वर्गांत इतिहास शिकविला. शिवशाही शिकविण्यापूर्वीं मी मुलांना आपापल्या पूर्वजांचीं नांवें घरीं विचारून यावयास सांगत असें. आजोबांचें नांव सर्वांना येई, पणजोबांचें निम्म्यांना येई, त्यापलीकडे बहुतेकांची पाटी कोरी असे. परंतु शेताचें नांव विचारलें कीं तींच मुलें धडाधड उत्तरें देत. खापरपणजाचें नांव विसरणारें घर शेताचें नांव विसरत नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण पुष्कळ ठिकाणीं शेताचें नांव हेंच एखाद्या विसरलेल्या मूळपुरुषाचें नांव असतें.

याचें कारण आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेंत आहे. देशावरील गांवच्या जमिनी पूर्वीं थळांत विभागलेल्या असत, आणि थळाला तें प्रथम कसणाऱ्या घराण्याचें आडनांव चिकटलेलें असे. कर्नल साईक्स यांनीं दख्खनच्या जमीनधाऱ्यांवर १८३५ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत ही पद्धति नीट वर्णिली आहे. घराणें नाहींसें झालें तरी थळ त्याच्याच नांवानें ओळखलें जाई. अशा निर्वंश झालेल्या किंवा परागंदा झालेल्या घराण्याच्या जमिनीस गतकुळी जमीन म्हणत. गांवांत कसणाऱ्यांचे दोन वर्ग असत. एक मिरासदार, ज्याचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क. तो सारा भरीत असेतों त्याला कोणी उठवूं शकत नसे. दुसरा उपरी, म्हणजे वरून आलेला, कराराची मुदत संपली कीं गांव सोडण्यास मोकळा आणि गांवालाहि त्याला सोडण्यास मोकळीक. या उपऱ्यानें गांवच्या पाटलाकडून व समस्त गांवकऱ्यांकडून, अथवा सरकारांत नजर भरून, गतकुळी जमीन विकत घेतली म्हणजे तो मिरासदार होई. त्या दिवसापासून त्याचें घराणें त्या गांवचें झालें. आपण ज्याला मूळपुरुष म्हणतों तो पुष्कळदां असाच एक खरेदीदार असतो.

या खरेदीचा जो कागद होई त्याला मिरासपत्र म्हणत. त्यावर एकट्या विकणाऱ्याची सही पुरत नसे. पाटील, कुळकर्णी, चौगुला आणि बारा बलुतेदार यांची साक्ष पडे. ज्याला अक्षर येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी काढी. पाटलाच्या नांवापुढें नांगर दिसतो. सुताराच्या, लोहाराच्या, महाराच्या नांवापुढें आपापल्या कामाचें हत्यार किंवा खूण दिसते. म्हणजे एका माणसानें एक शेत घेतलें, तर साऱ्या गांवानें त्याला आपल्यांत घेतल्याची ती ग्वाही असे. शेवटीं पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें सुखरूप अनुभवावें, अशा अर्थाचें वाक्य येई. तें वाक्य आपल्यासाठींच लिहिलेलें होतें, कारण ते पुत्रपौत्र म्हणजे आपणच.

हे कागद मोडींत असल्यामुळें पुष्कळ लोक पहिल्या ओळीपाशींच थबकतात. मोडीहून अधिक अडवणारी गोष्ट म्हणजे काल. जुन्या कागदांत शालिवाहन शक असेल तर ७८ मिळविले कीं इसवी सन निघतो. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. परंतु सरकारी कागदांत बहुधा सुहूर सन असतो, आणि तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘सलास सितैन मया व अलफ’ हे शब्द मंत्रासारखे भासतात, पण त्यांचा अर्थ सरळ आहे: तीन, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६३. त्यांत ५९९ मिळविले कीं १७६२ साल येतें. हा सन जूनमध्यें मृग नक्षत्रापासून सुरू होतो, म्हणून पुढील जानेवारीनंतरच्या कागदास ६०० मिळवावे. क्षेत्राचेंहि असेंच आहे. एकर आणि गुंठे ही इंग्रजी अमदानीची देणगी. त्यापूर्वींचा हिशेब काठी, पांड, बिघा आणि चाहूर यांत चाले; वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, आणि १२० बिघ्यांचा चाहूर.

माग काढावयाचा तो मात्र उलट्या दिशेनें, आजपासून मागें. प्रथम सातबाराचा उतारा घ्यावा. त्यांत खातेदाराच्या नांवाजवळ वर्तुळांत जे आंकडे असतात ते फेरफारांचे. त्या त्या फेरफाराची नोंद काढली कीं वारस, वांटणी, खरेदी, गहाण यांपैकीं काय घडलें तें कळतें. हक्कनोंदणीचा पहिला कायदा मुंबई इलाख्यांत १९०३ सालीं झाला. तेव्हां या वाटेनें विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुखानें जातां येतें. त्यामागें क. ड. ई. पत्रक, शेतवार पत्रक व आकारफोड हे पहिल्या मोजणीचे कागद लागतात. सातारचें राज्य १८४८ मध्यें शहाजी महाराज निवर्तल्यावर खालसा झालें आणि पुढील दशकांत इंग्रजी पद्धतीची मोजणी या भागांत सुरू झाली. त्या मोजणींत शेताला नंबर मिळाला आणि नंबरापुढें एका मनुष्याचें नांव पडलें. त्याच्याहि मागें, प्रतापसिंह महाराजांच्या राज्यांत १८२० नंतरच्या दशकांत, कॅप्टन अ‍ॅडम्स यांनीं केलेली मोजणी आहे.

खरेदीखतांसाठीं निराळी वाट आहे. १८६४ च्या कायद्यानें शंभर रुपये व त्याहून अधिक किंमतीच्या स्थावराच्या दस्तऐवजांची नोंदणी आवश्यक केली. लहान शेतकऱ्याचा व्यवहार त्यांतून सुटे. परंतु १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, आणि त्यानंतर १८७९ मध्यें दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू केला. त्या कायद्यानें शेतकऱ्यानें करून दिलेले दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर लिहिले जाणें जरूर ठरविलें. सातारच्या शेतकऱ्याचें दुर्दैव असें इतिहासाच्या उपयोगीं पडलें. ज्यांच्या व्यवहाराची एरवीं कोणी दखल घेतली नसती, त्यांचीं नांवें त्या चोपड्यांत आलीं.

इनामी जमीन असेल तर इनाम कमिशनचे कागद पाहावे. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वयें इनामांची कसून चौकशी झाली, आणि आपला हक्क शाबीत करण्यासाठीं घराण्यांना कैफियती द्याव्या लागल्या. मूळ इनाम कोणास मिळालें, त्याला मुलें किती, पुढें कोणाचा वंश चालला, हें सर्व त्या कैफियतींत वंशावळीसह येतें. ज्या चौकशीनें शेंकडों घरांची झोंप उडविली, तिनेंच त्यांच्या वंशावळी पुढील पिढ्यांसाठीं राखून ठेविल्या. हें व पेशवाईचें दप्तर, तसेंच शाहू दप्तर, पुण्याच्या पुराभिलेखागारांत आहे. रियासतकार सरदेसायांनीं त्यांतून निवडून १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तराचे ४५ खंड छापले; तरी जें छापलें तें समुद्रांतील ओंजळभर पाणी होय.

सांगलीकडच्या घरांना यांत एक जास्तीची अडचण आहे. आजचा सांगली जिल्हा हा एका राज्याचा प्रदेश नव्हता. कोंकणांतील कोतवड्याचे हरभट पटवर्धन इचलकरंजीकर घोरपड्यांच्या आश्रयास आले, आणि त्यांच्या वंशजांनीं कृष्णाकांठीं संस्थानें उभारलीं. मिरजेच्या चुलत्याशीं न पटल्यामुळें चिंतामणराव आप्पासाहेबांनीं १८०१ च्या सुमारास वेगळें होऊन सांगली ही राजधानी केली. गणेशदुर्ग उभा राहिला आणि लहानशा गांवाची पेठ झाली. तासगांव वारसाअभावीं १८४८ मध्यें इंग्रजांकडे गेलें. आटपाडी व कुंडल औंधाकडे, जत डफळ्यांकडे आणि मिरज दोन पात्यांत. १९४८ मध्यें संस्थानें विलीन झालीं, १ ऑगस्ट १९४९ रोजीं दक्षिण सातारा जिल्हा बनला आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. तेव्हां शोध घेणाऱ्यानें आपल्या गांवावर त्या सालीं कोणाचा अंमल होता, हा प्रश्न प्रथम स्वतःला विचारावा. नाहींतर औंधाचा कागद साताऱ्यांत शोधण्यांत वर्षें निघून जातात.

दुसरी अडचण आडनांवाची. ज्याला कऱ्हाडकर म्हणतात तो कऱ्हाडांत कऱ्हाडकर नसतो. कऱ्हाड सोडून दुसरीकडे वसल्यावर लोकांनीं त्याला तें नांव दिलेलें असतें. पाटील, कुळकर्णी, देशमुख हीं तर अधिकाराचीं नांवें. त्यांच्या खालीं खरें उपनांव दडलेलें असतें. याचें ठळक उदाहरण आपल्या सातारा जिल्ह्यांतीलच आहे. महात्मा जोतीराव फुले यांचें मूळ गांव खटाव तालुक्यांतील कटगुण आणि मूळ आडनांव गोऱ्हे. चरित्रकार सांगतात त्याप्रमाणें, त्यांचे पणजोबा तेथें चौगुले होते. गांवांत तंटा होऊन त्यांना गांव सोडावा लागला आणि ते पुरंदर तालुक्यांतील खानवडीस जाऊन राहिले. आजोबा शेटीबा पुढें पुण्यास आले. शेटीबांचे तीन मुलगे राणोजी, कृष्णाजी आणि गोविंदराव यांनीं फुलांचा धंदा पत्करला, पेशव्यांच्या घरीं फुलें पुरविलीं, आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. आतां कटगुणच्या जुन्या दप्तरांत फुले हें नांव कितीहि शोधलें तरी तें सांपडणार कसें? गांव बदलला, धंदा बदलला आणि त्याबरोबर नांवहि बदललें.

याच घराण्याची पुढील हकीकत अधिक विचार करावयास लावणारी आहे. पेशव्यांनीं या कामगिरीबद्दल पस्तीस एकर जमीन इनाम दिली. परंतु थोरल्या राणोजींनीं ती आपल्या एकट्याच्या नांवें करून घेतली आणि धाकटे दोघे भाऊ वाऱ्यावर राहिले, असें चरित्रकार लिहितात. म्हणजे केवळ सनद पाहणाऱ्याला राणोजी दिसले असते, आणि जोतीरावांचे वडील गोविंदराव दिसलेच नसते. कागद खोटें बोलत नाहीं, परंतु तो सर्व सांगतोच असें नाहीं. एकत्र कुटुंबांत खातें थोरल्याच्या नांवें चढतें. धाकटे भाऊ, विधवा भावजय, आणि सासरीं गेलेल्या बहिणी या शेतांत राबलेल्या असतात, पण पत्रकांत त्यांना जागा नसते. घरांतील स्त्री दप्तरांत बहुधा दोनच वेळीं प्रकट होते. एक पति वारल्यावर आणि दुसरें मूल अज्ञान असतांना. तेथेंहि तिची ओळख अमक्याची बायको किंवा तमक्याची आई अशीच असते. म्हणून वंशवृक्ष काढतांना दप्तरांतील मौनहि वाचावयास शिकलें पाहिजे. घरांतील वृद्ध स्त्रिया अद्याप हयात असतील तर प्रथम त्यांना विचारावें, मग कचेरींत जावें. कचेरी दहा वर्षांनींहि तेथेंच असेल.

आतां या शोधांतील सर्वांत कठीण जागा सांगतों. खरेदीखतांत दोन नांवें असतात. आपण आपल्या मूळपुरुषाचें नांव शोधीत असतों, त्यामुळें दुसऱ्या नांवाकडे लक्ष जात नाहीं. पण जुन्या मिरासपत्रांत विकणारा जमीन कां विकतो याचें कारण लिहिलेलें असे: दुष्काळ पडला, खावयास मिळेना, सरकारची बाकी राहिली, सावकाराचें देणें फिटेना. सातारच्या पूर्वेकडील माण व खटाव हे तालुके अवर्षणाचे. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळांत या भागानें फार सोसलें. अशा वर्षांनंतर जमिनींचे हस्तांतर वाढतें, हें कोणत्याहि खेड्यांतील वृद्ध सांगेल. आपल्या घराण्याच्या कथेंत मूळपुरुषानें जमीन ‘मिळविली’ असें असतें. ती मिळाली त्या दिवशीं दुसरें एक घर गांवांतून उठलें असेल, त्यांची मुलें आपल्या शेताकडे वळून पाहत गेलीं असतील. त्यांचीहि आज कोठें तरी कथा चालू असेल आणि तींत आपला मूळपुरुष निराळ्या रंगांत रंगविलेला असेल. याचा अर्थ पूर्वजाची लाज धरावी असा नाहीं. रास्त किंमत देऊन, साऱ्या गांवासमक्ष, भुकेल्या माणसाचें शेत घेणारा मनुष्य दुष्टच असतो असेंहि नाहीं. कित्येकदां तो स्वतः तसाच भुकेनें दुसरा गांव सोडून आलेला असतो. परंतु ज्या थळाला अजून दुसऱ्या घराण्याचें नांव आहे तें नांव आपण बदलूं नये. तें त्या घराण्याचें शेवटचें स्मारक आहे.

मूळपुरुष जुनाच असला पाहिजे, असा एक समज आहे. तो मला मान्य नाहीं. १९४८ चा कुळकायदा व त्याची १९५६ ची दुरुस्ती यांमुळें १ एप्रिल १९५७ रोजीं हजारों कुळें कसत असलेल्या जमिनीचीं मानीव खरेदीदार ठरलीं. शेतजमीन न्यायाधिकरणानें ३२ ग कलमाखालीं किंमत ठरविली, कुळानें ती हप्त्यांनीं भरली आणि ३२ म चें प्रमाणपत्र हातीं घेतलें. पुढें १९५८ च्या कायद्यानें महार वतनासारखीं कनिष्ठ ग्रामवतनें रद्द झालीं आणि कब्जेहक्काची रक्कम भरून त्या जमिनी पूर्वींच्या वतनदारांना परत देण्याची सोय झाली. या घरांतील आजोबांचें प्रमाणपत्र आणि दोनशें वर्षांपूर्वींचें मिरासपत्र यांत मला फरक दिसत नाहीं. दोन्हींत उपरा मनुष्य धनी होतो. ज्या घरीं असें प्रमाणपत्र आहे, त्यांना मूळपुरुषासाठीं पुराभिलेखागाराची पायरी चढावयास नको. तो देवघराशेजारच्या ट्रंकेंत आहे. त्या कागदाला जीर्ण होऊं देऊं नये.

काहीं घरांना तर जमीनच उरलेली नाहीं. कोयना धरणाच्या शिवसागराखालीं जावळी व पाटण या भागांतील गांवेंच्या गांवें गेलीं आणि तेथील माणसें दूरदूरच्या जिल्ह्यांत वसविलीं गेलीं. त्यांच्या नातवंडांना आजोबांचें शेत दाखवितां येत नाहीं, कारण त्यावर पाणी उभें आहे. परंतु त्या शेताचा नंबर, त्याचा आकार आणि त्याच्या चार बाजूंचे शेजारी दप्तरांत अद्याप जागच्या जागीं आहेत. बुडालेल्या गांवाची वस्ती आतां तेवढीच.

हीं दप्तरें आज पूर्वींपेक्षां सुलभ झालीं आहेत. अनेक जिल्ह्यांचे जुने अभिलेख यंत्रावर उतरविले गेले असून ते घरबसल्या पाहतां येतात. २०२३ सालीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं कुणबी नोंदी शोधण्यासाठीं समिति नेमली गेली, तेव्हां आपल्या पणजोबांची एक नोंद मिळावी म्हणून किती लोक कचेऱ्यांच्या दारांत उभे राहिले आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध कसा सुरू झाला, हें आपण पाहिलेंच आहे. दाखल्याच्या निमित्तानें कां होईना, लोकांनीं जुना कागद हातीं धरला. मात्र दाखला मिळाल्यावर तो कागद पुन्हां माळ्यावर टाकूं नये.

कागद कोठें टिकतो आणि कोठें नष्ट होतो, याचा अनुभव आपल्या भागाला पुरेसा आहे. वाई येथें सांपडलेल्या पत्रांतूनच इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ मध्यें आपल्या साधनांचा पहिला खंड छापला. मिरजेस शाळेंत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांच्या दप्तराचा ऐतिहासिक लेखसंग्रह १८९७ पासून प्रसिद्ध केला. एका शाळामास्तराच्या चिकाटीनें केवढें काम होतें, हें त्यावरून दिसतें. उलट २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णेचें पाणी सांगलीच्या घरांघरांत शिरलें, आणि अशा पाण्यांत तळघरांतील व खालच्या कपाटांतील कागदाचा लगदा व्हावयास एक रात्र पुरते. म्हणून ज्यांच्या घरीं जुना रुमाल असेल त्यांनीं तो वरच्या मजल्यावर न्यावा, प्रत्येक पानाचें छायाचित्र घेऊन एक प्रत दुसऱ्या गांवीं असलेल्या नातलगाकडे ठेवावी, आणि मोडी जाणणाऱ्याकडून निदान नांव, साल व चतुःसीमा एवढें बाळबोधींत उतरवून घ्यावें. चतुःसीमेंतील शेजाऱ्यांचीं नांवें गाळूं नयेत. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक असें जें लिहिलेलें असतें, तें शेजारच्या घराण्याच्या मूळपुरुषाचें नांव असतें. आणि त्याचे वंशज तें आपल्याकडे येऊन विचारतील तेव्हां तें आपल्याजवळ असलें पाहिजे.